पुराण नसलेलं फूल

दसऱ्याला मराठी घराच्या दाराशी दोन झाडं शेजारी येतात, आपटा आणि झेंडू. आपट्याला गोष्ट आहे. वरतंतू ऋषींच्या कौत्स नावाच्या शिष्याला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. त्या मिळवण्यासाठी रघुराजा कुबेरावर चालून जायला निघाला आणि कुबेरानं आदल्या रात्रीच सोन्याचा पाऊस पाडला. तो आपट्यावर पडला असं आपल्याकडे सांगतात, म्हणून त्याची पानं सोनं म्हणून लुटायची. शमीलाही गोष्ट आहे, पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं तिच्यावर ठेवली. पण त्याच दिवशी किलोकिलोनं घरी येणाऱ्या, दारावर, वाहनावर, यंत्रावर, पाटीपुस्तकावर चढणाऱ्या झेंडूची गोष्ट विचारली, तर आजीपासून गुरुजींपर्यंत कोणाकडेच ती नसते.

पूजेतल्या बहुतेक फुलापानांची कुंडली मांडता येते. पारिजातक समुद्रमंथनातून वर आला, कृष्णानं तो स्वर्गातून आणला आणि सत्यभामेच्या अंगणात लावला. शंकराला बेल आणि धोत्रा, विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा आणि जास्वंद. नाकारलेल्या फुलालाही कथा असते. ज्योतिर्लिंगाचा अंत लागला अशी खोटी साक्ष केतकीनं ब्रह्मदेवाच्या बाजूनं दिली आणि शिवानं तिला आपल्या पूजेतून कायमचं बाद केलं. झेंडूच्या वाट्याला मान नाही आणि शापही नाही. अमरकोशातल्या वनौषधिवर्गात मालती, जपा, करवीर, बंधूक अशी फुलांची रांग आहे. तीत झेंडू नाही. कालिदासाच्या ऋतुवर्णनांतही नाही.

तो तिथं नाही, कारण तेव्हा तो या देशातच नव्हता. टॅगेटिस इरेक्टा आणि टॅगेटिस पॅट्युला या दोन्ही जाती मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतर अमेरिकेतल्या वनस्पती जगभर पसरल्या. पोर्तुगीजांच्या काळात मिरची, काजू, अननस, पपई आले, त्याच लाटेत झेंडूही आला असं अभ्यासक मानतात. ज्या फुलाशिवाय दसरा सुना वाटतो, ते फूल या मातीत चार-पाचशे वर्षांचंच आहे. ही माहिती ऐकली की अनेकांना धक्का बसतो, काहींना रागही येतो. तो राग समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याच्यामागे एक खरा प्रश्न आहे. फूल पवित्र ठरतं ते कशामुळे? त्याच्या जुनेपणामुळे, त्याच्या नावामुळे, त्याच्या कथेमुळे, की आणखी कशामुळे?

आधी नावाकडे पाहू, कारण या फुलाच्या नावांतच अर्ध्या जगाचा धर्म सापडतो.

मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांनी त्याला सेंपोवालशोचित्ल म्हटलं. आज स्पॅनिशमध्ये त्याचं सेंपासुचिल झालं आहे. शोचित्ल म्हणजे फूल आणि सेंपोवाल्ली म्हणजे वीस. नाहुआंची मोजणी विसाची होती, जशी आपल्याकडे बाजारात एके काळी कोडीची होती, आणि वीस म्हणजे त्यांच्या लेखी एक पूर्ण मोजणी. म्हणून ‘वीस पाकळ्यांचं’ यापेक्षा ‘पुष्कळ पाकळ्यांचं’ हा अर्थ जवळचा. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं नाहुआ जाणकारांच्या मदतीनं त्यांच्या जीवनाचा जो अवाढव्य ग्रंथ तयार केला, त्यातही हे फूल आहे. आजही 1 आणि 2 नोव्हेंबरला मेक्सिकोतली घरं आपल्या मृतांसाठी घरात वेदी मांडतात, तिच्यावर मेणबत्त्या, पाव, त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि दारापासून वेदीपर्यंत केशरी पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगावरून आणि वासावरून आत्म्याला घर सापडतं ही श्रद्धा. युनेस्कोनं 2008 मध्ये हा उत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवला. स्पॅनिशमध्ये या फुलाचं दुसरं नाव सरळ ‘मृताचं फूल’ असं आहे आणि पोर्तुगीजांनीही त्याला मृतांशीच जोडलेलं नाव दिलं.

युरोपात गेल्यावर त्याची ओळखच बदलली. तिथं आधीपासून कॅलेंडुला नावाचं सोनेरी फूल होतं आणि इंग्रजीत ते मेरीचं सोनं म्हणून ओळखलं जाई. नवा पाहुणा दिसायला तसाच, म्हणून ‘मेरीगोल्ड’ हे नाव त्यालाही चिकटलं आणि अ‍ॅझ्टेक वेदीवरचं फूल येशूच्या आईच्या नावावर नोंदलं गेलं. त्यातली मोठी जात ‘आफ्रिकन’ आणि छोटी ‘फ्रेंच’, हीच नावं आपल्या रोपवाटिकांतही चालतात. आफ्रिका किंवा फ्रान्स यांपैकी काहीही त्या फुलाचं माहेर नव्हतं. ते ज्या बंदरातून, ज्या वाटेनं आलं, तिचं नाव त्याच्या कपाळी लिहिलं गेलं, एवढंच.

शास्त्रीय नावाची गोष्ट तर आणखी लांब जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये टॅगेटिस हे नाव पक्कं केलं. ते प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या टॅजेस या देवपुरुषावरून आलं असं मानतात. त्याची कथा रोमन विचारवंत सिसेरोनं शकुनविद्येवरच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. तार्क्विनी गावाजवळ एक शेतकरी नांगरत होता. तास जरा खोल गेला आणि त्यातून एक मूल वर आलं, वयानं पोर, शहाणपणानं म्हातारा. शेतकरी ओरडला, सारा मुलूख गोळा झाला आणि त्या मुलानं जमलेल्यांना शकुन पाहण्याची विद्या शिकवली. मराठी वाचकाला इथं जनकाच्या नांगरापुढे सापडलेली सीता आठवल्याशिवाय राहत नाही. सिसेरोचा स्वभाव मात्र चिकित्सेचा. तो विचारतो, टॅजेस देव होता तर जमिनीखाली का दडून बसला होता? माणूस होता तर मातीखाली जगला कसा? दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही ताजा आहे, कारण तो झेंडूलाही लागू पडतो. देवत्व वस्तूच्या आत आधीपासून असतं, की कुणी तरी ती वर काढल्यावर, तिच्याभोवती माणसं जमल्यावर येतं?

आता भारतातली नावं. इथं एकदम वेगळंच काही दिसतं. हिंदीत गेंदा, गेंद म्हणजे चेंडू. कन्नडमध्ये चेंडू हूवु, चेंडूफूल. तेलुगूत बंती पुव्वु, बंती म्हणजेही चेंडू. मराठी झेंडू याच घराण्यातला दिसतो, ‘चेंडू’ आणि ‘झेंडू’ शेजारी उच्चारले की नातं कानालाच कळतं. अलीकडच्या आयुर्वेदीय संग्रहांनी त्याला झंडु आणि स्थूलपुष्पा म्हटलं, म्हणजे जाड फुलाचं झाड. गोव्यात तर झेंडूला रोजां म्हणतात, त्यात पोर्तुगीज गुलाबाचा सूर आहे. नेपाळनं मात्र पाकळ्या मोजल्या. तिथं तो सयपत्री, शंभर पानांचा. तिहार या सणात बहिणी भावाच्या गळ्यात याच सयपत्रीच्या माळा घालतात आणि त्याच सणात एक दिवस कुत्र्यांच्या गळ्यातही या माळा पडतात. नाहुआंची विसाची मोजणी आणि नेपाळ्यांचं शतक यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नसेल, पण दोघांच्या नजरेनं एकच गोष्ट टिपली.

ती गोष्ट फूल हातात घेऊन उसवलं की दिसते. ज्याला पाकळी म्हणतो ती झेंडूत नुसती पाकळी नसते, ती एक अख्खं फूल असते. प्रत्येक केशरी पाकळीच्या बुडाशी एक बारीक पांढुरकी दांडी असते. फूल वाळलं की ती काळी पडते, टोकाला कुसळं धरते आणि तेच बी होतं. मूठभर वाळक्या झेंडूतून लहान मुलं ज्या काळ्या काड्या ओढून कुंडीत खुपसतात, त्या प्रत्येक काडीचं वेगळं झाड होतं. दिसायला एक फूल, आत फुलांचं गाव. सूर्यफुलाच्या कुळातली सगळीच फुलं अशी. मेक्सिकोनं त्यातलं अनेकत्व पाहिलं, भारतानं त्यातला गोल एकपणा पाहिला. दोन्ही खरं आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मेक्सिकोचं नाव मोजणीचं असलं तरी त्याच्यामागे पूर्वजांची वेदी होती. युरोपनं मेरी दिली, शास्त्रज्ञांनी टॅजेस दिला. भारतानं दिलं ते खेळण्यातल्या चेंडूचं नाव. देव नाही, ऋषी नाही, पुराण नाही. साहित्यानंही त्याला डोक्यावर घेतलं नाही. मराठी कवितेत मान मोगऱ्याला, बकुळीला, प्राजक्ताला. प्र. के. अत्र्यांनी 1925 मध्ये आपल्या विडंबनांचा संग्रह काढला, तेव्हा ‘झेंडूची फुले’ हेच नाव त्याला शोभलं, यातच या फुलाची प्रतिष्ठा कुठं होती ते कळतं. आणि ज्या देशानं त्याला एवढं साधं नाव दिलं, त्याच देशात ते देवापुढे सर्वांत जास्त वाहिलं जातं.

शास्त्राकडे वळलं तर झेंडूची बाजू आणखी लंगडी होते. विष्णुस्मृतीच्या 66 व्या अध्यायात देवाला काय वाहावं आणि काय वाहू नये हे सांगितलं आहे. उग्र वासाचं फूल नको, बिनवासाचं नको, काटेरी झाडाचं नको. झेंडूच्या पानाफुलांचा वास ज्यानं बोटांवर घेतला आहे, त्याला पहिली अट कोणासाठी आहे ते वेगळं सांगायला नको. तो उग्रपणा झाडाच्या रक्तातच आहे. त्याच्या मुळांतून निघणाऱ्या रसायनांनी मातीतले सूत्रकृमी कमी होतात, म्हणून टोमॅटोच्या वाफ्याकडेला शेतकरी झेंडूची ओळ लावतात. तरीही तोच स्मृतिकार पुढे सवलत देतो, की काटेरी झाडाचं असलं तरी पांढरं आणि सुवासिक फूल चालेल. नियम करणाऱ्याच्या मनातही फुलाकडे पाहून नियम मऊ होत होता.

मग झेंडू आत आला कुठल्या दारानं? ते दार परंपरेनं स्वतःच बांधून ठेवलेलं होतं.

वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी यज्ञाचा विचार करताना तीन गोष्टी धरल्या, द्रव्य, देवता आणि त्याग. अमुक वस्तू, अमुक देवतेसाठी, आपली मालकी सोडून दिलेली. या तिन्हींत कर्माचा प्राण त्यागात आहे. द्रव्य मिळालं नाही तर काय, यावर जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात सविस्तर खल आहे आणि त्यातून ‘प्रतिनिधी’ची कल्पना पुढे आली. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतीक ही वनस्पती घ्यावी, यज्ञ थांबवू नये. याचीच घरगुती आवृत्ती कोणत्याही सत्यनारायणाला पाहायला मिळते. गुरुजी वस्त्र मागतात, वस्त्र नसतं, मग वस्त्राच्या नावानं अक्षता वाहायला सांगतात. अलंकार नाहीत, अक्षता. यजमानाला यात काही कमीपणा वाटत नाही आणि देवही रुसत नाही. ज्या परंपरेनं चार तांदळाच्या दाण्यांत वस्त्र आणि दागिना पाहिला, तिनं नवं केशरी फूल परतवून लावावं याला काही कारणच नव्हतं. ते टिकाऊ होतं, ओवल्यावर लवकर मान टाकत नव्हतं, पावसाळ्यात लावलं की साधारण दोन महिन्यांत, नेमकं नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर बहरत होतं आणि गरिबाच्या परसातही येत होतं.

पण झेंडू प्रतिनिधी म्हणून आला असेल, तर प्रतिनिधी म्हणून राहिला नाही, हे या साऱ्यातलं सर्वांत विलक्षण वळण आहे. अक्षता वाहताना ‘हे वस्त्राऐवजी’ असं मनात असतं. झेंडू वाहताना तो कशाऐवजी आहे हे आज कोणालाही सांगता येत नाही. तो स्वतःच मुख्य द्रव्य झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे उतरणारे झेंडूचे ढीग पाहिले, की कोणत्याही स्मृतीत नसलेला एक नियम लोकांनी किती घट्ट बांधला आहे ते कळतं. रस्त्याकडेला बसलेली तोरणवाली सुई सरळ देठातून घालते, फूल, पान, फूल, पान, आंब्याच्या पानाची घडी करून. एखादी भाताची लोंबी अधेमधे ओवते. गिऱ्हाईक दराची घासाघीस करतं, पण झेंडूऐवजी दुसरं काही द्या असं म्हणत नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण सांगतो की पान, फूल, फळ, पाणी, भक्तीनं दिलेलं काहीही मी घेतो. त्या श्लोकात फुलाचं नाव नाही, आणि हे नाव नसणं फार मोलाचं आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये यावर भाष्य केलं, तेव्हा तर नियमाची चौकटच वितळवून टाकली. त्यांचा देव म्हणतो, भक्तीच्या नावानं मला कुणी एक फूल दिलं, तर रीतीप्रमाणे मी ते हुंगायला हवं, पण मी ते तोंडातच घालतो. फळ दिलं तर देठसुद्धा न काढता खातो. विष्णुस्मृतीतला देव वास घेऊन फूल निवडणारा आहे, ज्ञानेश्वरांचा देव आनंदाच्या भरात वास घ्यायचंच विसरतो. उग्र की मंद हा प्रश्न तिथं उरतच नाही. झेंडू या भूमीत यायच्या निदान दोनशे वर्षं आधी त्याच्यासाठी जागा करून ठेवली गेली होती, आणि ती एका मराठी ग्रंथानं करून ठेवली याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. भाव महत्त्वाचा हे ठीक, पण मग परंपरा कशाला म्हणायचं? उद्या कोणीही काहीही वाहील. आक्षेप पोकळ नाही. पण झेंडूचं उदाहरण दाखवतं की परंपरा म्हणजे वस्तूंची बंद यादी नसते आणि ‘काहीही चालेल’ हेही नसतं. झेंडू कोणा एकाच्या लहरीनं आला नाही. शेतकऱ्यानं तो लावला, माळणीनं ओवला, सासुरवाशिणीनं दारावर बांधला, पुजाऱ्यानं हरकत घेतली नाही, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या झालं. उपवासाच्या ताटातही हेच घडलं आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, सगळे अमेरिकेचे. राजगिऱ्याची हकीकत तर हुबेहूब झेंडूसारखी. मेक्सिकोत त्याच्या दाण्याचं पीठ मळून देवांच्या मूर्ती करत, त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या पवित्र भाकरीची विपरीत नक्कल दिसली आणि त्यांनी ती प्रथा मोडून काढली. त्या जातीचा राजगिरा आज एकादशीला लाडू होऊन विठ्ठलाच्या नैवेद्यात बसतो. समुद्रापलीकडे एका श्रद्धेनं टाकलेलं धान्य इकडच्या श्रद्धेनं उचललं, तेही त्याचा पूर्वेतिहास न विचारता.

आणि झेंडूचं जुनं मेक्सिकन नातं पुरतं तुटलेलंही नाही. 2 नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात, मेणबत्त्या लावतात, फुलं वाहतात, आणि त्या फुलांत झेंडू असतो. तोच दिवस, तेच फूल, तोच हेतू. हिंदू घरातही झेंडूचा हार तोरणाला जसा लागतो तसा तिरडीवरही लागतो. मंगल आणि अमंगल यांची वाटणी करणाऱ्या आपल्या संस्कारांत या एका फुलाला दोन्हीकडे मोकळी वाट आहे.

आज झेंडूला खरी स्पर्धा दुसऱ्या फुलाची नाही. गेल्या काही वर्षांत प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं दुकानादुकानांत लटकू लागली आहेत, रंग तोच, गोलाई तीच, लांबून ओळखू न येणारी. फुलशेती करणारे शेतकरी त्यांच्यावर बंदी मागत आले आहेत. त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं. पण या मागणीला मीमांसकांच्या कसोटीचाही आधार आहे. खरं फूल परदेशी असो, उग्र असो, पुराणाबाहेरचं असो, ते वाहिलं की वाहणाऱ्याचं राहत नाही. दुसऱ्या दिवशी ते कोमेजतं, निर्माल्य होतं, झाडाच्या बुंध्याशी जातं. प्लास्टिकचं तोरण सण झाल्यावर झटकून, पिशवीत घालून माळ्यावर ठेवलं जातं आणि पुढच्या दसऱ्याला तेच खाली उतरतं. त्यात द्रव्य आहे, देवतेचं नावही घेतलेलं आहे, फक्त कोणी काही सोडलेलं नाही.